आरोग्यविचार : हात वर का जात नाही?

गेल्या आश्विनात, दिवाळीला आठ-दहा दिवस अवकाश असताना, येथे रत्नागिरीतच एका जुन्या परिचित कुटुंबात जाण्याचा योग आला. घर मोठे, तीन पिढ्यांचे. मागील दारी माड-पोफळी, पुढे सारवलेले खळे आणि गावाबाहेर कातळावर थोडी हापूसची कलमे. ओटीवर इकडच्या तिकडच्या गोष्टी चालल्या असता सूनबाईंनी चहा पुढे केला आणि हलक्या स्वरात म्हटले, "डॉक्टरकाका, जाण्यापूर्वी सासूबाईंचा हात एकदा पाहाल का? त्या आपण होऊन काही सांगायच्या नाहीत. पण गेले तीन महिने त्यांचा अंबाडा मी घालते आहे."

काकूंचा डावा खांदा दुखतो, हे घरात सर्वांस ठाऊक होते. आणि घर प्रेमळ असल्यामुळे त्यावर उपायही तत्परतेने योजिलेला होता. वलणीवर कपडे वाळत घालण्याचे काम त्यांच्याकडून काढून घेतले होते, माळ्यावरचे डबे खाली आणून ठेवले होते आणि हात गळ्यातल्या झोळीत बांधून "अजिबात हलवायचा नाही" अशी ताकीद दिली होती. परंतु दुखणे किती पुढे गेले आहे हे मात्र एका सुनेलाच कळले होते. उभ्या जन्मात ज्या बाईने आपला अंबाडा दुसऱ्याच्या हाती दिला नाही, तिने तो सुनेच्या हाती दिला, ह्याचा अर्थ तिचा हात आता डोक्यामागे पोहोचत नाही.

तेवढ्यात झोपाळ्यावरून काकूंचे धाकटे दीर अण्णा म्हणाले, "वहिनींचा पाहून झाला की माझाही पाहा. उजवा वर जात नाही. वैशाखात शिडीवरून पडलो तेव्हापासून रोज मुद्गल फिरवतो, रात्री तेल चोळून घेतो, पण गुण नाही. एकाच घरातले दोन खांदे एकदमच म्हातारे झाले म्हणायचे!"

सगळे हसले. मी मात्र मनातून चमकलो. कारण वैशाखात अण्णा पडले तेव्हा त्यांना तपासणारा मीच होतो. त्या सायंकाळी मी जे पाहिले ते थोडक्यात असे की, दोघांची तक्रार एकाच शब्दांत सांगण्यासारखी असली तरी दोघांचे आजार परस्परविरुद्ध होते, आणि घरात जिला व्यायाम हवा तिला विश्रांती व ज्याला विश्रांती हवी त्याला व्यायाम, असा उफराटा प्रकार चालला होता. हे कसे, ते समजण्यासाठी खांद्याची रचना प्रथम पाहिली पाहिजे. ती एकदा समजली म्हणजे पुढचे सर्व आपोआप उलगडते. यास्तव वाचकांनी चार परिच्छेद धीर धरावा, अशी विनंती आहे.

उथळ उखळ

शरीरातील मोठे उखळीचे सांधे दोन ठिकाणी आहेत. एक कमरेखाली, जेथे मांडीचे हाड बसते. आणि दुसरा खांद्याशी, जेथे दंडाचे हाड बसते. मांडीचे उखळ खऱ्याखुऱ्या उखळासारखे खोल आहे. हाडाचा गोल त्यात चांगला आत शिरून बसतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. खांद्याचे उखळ मात्र नावालाच उखळ. वास्तविक ती एक लहानशी बशी. दंडाच्या हाडाचा गोल त्या बशीच्या मानाने इतका मोठा की, कोणत्याही वेळी त्याचा चौथा किंवा फार तर तिसरा हिस्सा बशीला टेकलेला असतो. लहान बशीवर मोठे लिंबू आडवे टेकवून ठेवावे तशी ही मांडणी.

अशी कच्ची बैठक निसर्गाने का दिली? कारण हात हे चालण्याचे साधन नसून धरण्याचे, फेकण्याचे, पोहोचण्याचे साधन आहे. पाठीमागे कासोटा खोचणारा, डोक्यामागे अंबाडा बांधणारा, समोरचे ताट ओढणारा आणि झाडावरचा आंबा काढणारा हात एकच. खोल उखळात हे सारे साधले नसते. म्हणून येथे हाडाचा पक्केपणा सोडून मोकळेपणा मिळविला आहे, आणि सुटलेला पक्केपणा भरून काढण्याचे काम स्नायूंकडे दिले आहे.

ही बशी ज्या हाडाला आहे ते हाड म्हणजे खवाटा. संस्कृतात ह्यास अंसफलक म्हणतात. पाठीवर, बरगड्यांच्या मागे, त्रिकोणी फळीसारखे हे हाड असते. ते धडाच्या सांगाड्याशी केवळ गळ्याजवळच्या आडव्या हाडामार्फत जोडलेले आहे. बाकी सर्व बाजूंनी ते स्नायूंत तरंगते आणि हात हलला की बरगड्यांवरून सरकते. आपण हात खालपासून थेट कानापर्यंत नेतो तेव्हा त्या १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश बशी आणि गोल ह्यांच्या सांध्यात घडतात व ६० अंश खवाटा सरकल्यामुळे मिळतात. वाचकांनी आपला उजवा हात डाव्या खांद्यावरून पाठीमागे टाकून पाहावा. खवाट्यावर एक आडवा कंगोरा बोटांना लागेल. ह्यास खवाट्याचा काटा म्हणतात. तो बाहेरच्या दिशेने चाचपीत गेल्यास खांद्याच्या अगदी वर एक चपटे हाड लागते. ते अंसकूट, म्हणजे सांध्यावरचे छप्पर. हा काटा आणि हे छप्पर ध्यानात ठेवावे.

चौघांची जोडणी

खांद्याचे जे गोलाईदार मांस बाहेरून दिसते तो त्रिकोणी स्नायू. तालमीतले पहिलवान जो कमावतात तो हाच. हात वर उचलण्याचे मोठे बळ त्याचे. परंतु ह्या लेखाचा विषय तो नव्हे. त्याच्याखाली, डोळ्यांस न दिसणारे चार लहान स्नायू आहेत. त्यांच्यावाचून त्या मोठ्याचे बळ फुकट जाते.

पहिला काट्याच्या वरच्या खोबणीतून निघतो आणि छपराखालून, अंसकूटाच्या अगदी लगत, बाहेर येऊन दंडाच्या हाडाच्या माथ्यावर चिकटतो. डॉक्टर लोक ह्यास सुप्रास्पायनेटस म्हणतात. आपण 'काट्यावरचा' म्हणू. दुसरा काट्याखालच्या रुंद जागेतून निघून मागील बाजूने तेथेच येतो. तो 'काट्याखालचा', म्हणजे इन्फ्रास्पायनेटस. तिसरा त्याच्याही खालचा, लहान व गोलसर, टेरिस मायनर. हे दोघे दंड बाहेरच्या दिशेने फिरवितात. हात डोक्यामागे नेऊन अंबाडा बांधण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. चौथा खवाट्याच्या पुढच्या बाजूस, म्हणजे हाड आणि बरगड्या ह्यांच्या मध्ये, दडलेला आहे. त्याचे नाव सबस्कॅप्युलॅरिस. चौघांत आकाराने सर्वांत मोठा तोच. तो पुढून येऊन दंड आतल्या बाजूस वळवितो. हात पाठीमागे नेऊन कासोटा खोचताना आपण त्याच्याकडून काम घेतो.

ह्या चारही स्नायूंची टोके चिवट, पांढऱ्या कंडरांची असतात. आणि हाडाच्या गोलाजवळ येताच त्या कंडरा एकमेकींत मिसळून गोलाला पुढून, वरून व मागून वेढणारा एकच पट्टा तयार होतो. सदऱ्याच्या बाहीला मनगटाशी जसा पट्टा असतो तसा हा दिसतो, म्हणून त्यास इंग्रजीत रोटेटर कफ असे नाव पडले. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हा कफ वात-पित्त-कफांतला नव्हे, सदऱ्याचा आहे!

आता हे चौघे करतात काय? माडाला शिडी लावताना आपण पाहतो की, एकजण शिडीच्या पायथ्याशी पाय देऊन उभा राहतो आणि दुसरा ती वर उभी करतो. पायथ्याशी कोणी नसेल तर उचलणाराचे बळ कितीही असो, शिडी उभी न राहता सरकत जाते. त्रिकोणी स्नायू हा शिडी उचलणारा, आणि आपले चार स्नायू हे पायथ्याशी पाय देऊन उभे राहणारे. मोठा स्नायू दंडाला वर ओढतो तेव्हा हे चौघे हाडाचा गोल बशीत दाबून धरतात. त्यामुळे हात गोल फिरत वर जातो. त्यांनी धरले नाही तर गोल बशीतून वर सरकतो आणि छपराला जाऊन थडकतो. त्या छपराच्या आणि पट्ट्याच्या मध्ये, घर्षण होऊ नये म्हणून, द्रवाची एक पातळ पिशवी ठेवलेली असते. तिला सूज आली किंवा कंडरा झिजली म्हणजे हात मध्यावर येताच कळ उठते आणि आणखी वर गेल्यावर ती पुष्कळदा कमी होते. वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान दुखणे, ही ह्या विकाराची खूण आहे.

दोन खांदे, दोन दुखणी

आता पुन्हा त्या ओटीवर जाऊ. काकूंना मी प्रथम हात आपण होऊन वर न्यायला सांगितले. तो खांद्याच्या उंचीपर्यंतही गेला नाही. नंतर त्यांचा हात सैल सोडावयास सांगून मी तो माझ्या हाताने हळूच उचलू लागलो. तरीही तो तेथेच अडला. कोपर कुशीला टेकवून पुढचा हात बाहेर वळवू गेलो तर तो जवळजवळ वळलाच नाही. गंजलेल्या बिजागरीचे दार ज्याप्रमाणे घरच्याने ढकलले काय आणि पाहुण्याने ढकलले काय, उघडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

अण्णांचे उलट. आपण होऊन त्यांना हात खांद्याइतकाही नेता येईना. नेऊ गेले की खांदा कानाकडे उचकटला जाई. परंतु हात सैल सोडताच मी तो सहज कानापर्यंत नेला. वर नेऊन "आता हळूहळू खाली आणा" म्हणताच तो मध्येच निसटून धाडकन खाली पडला. सदरा काढून पाठ पाहिली तर उजव्या खवाट्याच्या काट्याच्या वर आणि खाली, जेथे मांस असावे तेथे, दोन खळगे पडलेले. बिजागरी उत्तम होती. दार ओढणारी दोरीच तुटली होती.

काकूंचा आजार म्हणजे गोठलेला खांदा. ह्यात सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आखडते. चाळिशी ते साठी हा त्याचा काळ. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक, आणि ज्यांस मधुमेह आहे त्यांच्यात तर विशेषच. काकूंना मधुमेह होता. हा आजार प्रथम फार दुखतो, मग दुखणे ओसरून ताठरपणा उरतो आणि शेवटी तो हळूहळू सुटतो. ह्यास एक ते तीन वर्षेही लागतात. अशा सांध्याला झोळीत बांधून ठेवणे म्हणजे गंजणाऱ्या कडीला हातच न लावण्यासारखे आहे.

अण्णांचा आजार म्हणजे तुटलेली कंडरा. शिडीवरून पडताना त्यांनी उजव्या हाताने फांदी धरण्याचा यत्न केला होता. त्या हिसक्याने काट्यावरच्या व काट्याखालच्या स्नायूंची कंडरा हाडापासून सुटली. वैशाखात मी त्यांचे क्ष-किरण छायाचित्र काढविले, हाडे शाबूत आहेत असे पाहिले, वेदनेच्या गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी व्यायामाला लागा असे सांगून मोकळा झालो. क्ष-किरणांच्या त्या चित्रात कंडरा दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्या दिवशी मी चित्र पाहिले आणि हात उचलून पाहण्याचे राहून गेले. पाच महिने ते त्या तुटल्या खांद्याने मुद्गल फिरवीत राहिले, ते माझ्याच शब्दावर. ही चूक मी त्यांच्यापाशी त्याच सायंकाळी कबूल केली. येथे लिहितो ती इतर घरांत तिची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून.

ह्या विषयाचा थोडा इतिहास

हात न उचलण्याचे दुखणे आपल्या प्राचीन वैद्यांस अपरिचित नव्हते. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तेथील बंधने सुकवितो व हात जखडतो, अशा आजाराला सुश्रुतसंहितेत अवबाहुक हे नाव आहे. त्याच ग्रंथात मर्मांच्या प्रकरणी अंस आणि अंसफलक अशी दोन निराळी मर्मे सांगितली असून, पहिल्याला इजा झाल्यास हात ताठतो आणि दुसऱ्याला झाल्यास तो बधिर होऊन सुकतो, असा भेद केला आहे. ताठणारा हात आणि सुकणारा हात निराळा ओळखावा, ही दृष्टी इतकी जुनी आहे.

अर्वाचीन काळात ह्या विषयाला वाहून घेतलेला पुरुष म्हणजे अमेरिकेतील बॉस्टन शहराचा शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन. फाटलेली कंडरा शिवून पुन्हा हाडाला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन त्याने १९११ साली प्रसिद्ध केले. आणि १९३४ साली केवळ खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. 'गोठलेला खांदा' हे नाव रूढ झाले ते त्याच ग्रंथावरून. शस्त्रक्रिया संपली की काम संपले असे न मानता, रोग्याला अखेर गुण आला की नाही हे वर्षानुवर्षे तपासून ते उघड मांडावे, असा त्याचा आग्रह होता. ह्या आग्रहापायी त्याने आपल्या व्यवसायबंधूंचा रोषही ओढवून घेतला. पूर्वी जी शस्त्रक्रिया खांदा मोठा उघडूनच करावी लागे ती आता बहुधा दुर्बिणीच्या साह्याने लहान छिद्रांतून होते.

खांद्याचे दुखणे म्हणजे केवळ वार्धक्य, असेही कोणी समजू नये. २००६ साली सचिन तेंडुलकर ह्यांच्या खांद्यावर इंग्लंडात शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते तेहतीस वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षी ते पुन्हा मैदानात उतरले. वयाने कंडरा झिजते हे मात्र खरे. साठीपुढील पुष्कळ माणसांच्या खांद्यात अशी लहानमोठी फाट असते आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नसते. म्हणून यंत्राने काढलेल्या चित्रात फाट दिसली की लगेच घाबरून शस्त्रक्रियेला धावावे असेही नाही. चित्र, हात आणि माणूस ही तिन्ही पाहूनच निर्णय व्हावा.

आपल्या कोकणापुरते बोलावयाचे तर डोक्यावर हात करून करावयाची कामे येथे फार. आंब्याच्या हंगामात लांब काठीचा झेला दिवसभर वर धरावा लागतो. देठासह फळ काढता यावे म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला 'नूतन झेला' आता बागांतून दिसतो. फळाची काळजी त्याने पुष्कळ घेतली, परंतु काठी पेलणाऱ्या खांद्याला विसावा देणे हे बागवाल्याच्याच हाती आहे. घरात पाहावे तर सोवळ्याची वलणी आढ्याजवळ आणि रोजचे डबे माळ्यावर. ही उंची कोणी ठरविली कोण जाणे. तेथे रोज हात पोहोचविणारीला बहुधा कोणी विचारले नसावे.

घरच्या घरी पाहणी

आता प्रत्यक्ष उपयोगाची गोष्ट. वडील माणसांना "खांदा दुखतो का?" असे विचारल्यास "छे, काही नाही" हेच उत्तर मिळते, विशेषतः घरातील वडील स्त्रियांकडून. म्हणून तसे न विचारता पुढील पाच गोष्टी विचाराव्या, किंवा नुसत्या पाहाव्या. केस स्वतः बांधता येतात का? कासोटा किंवा पोलक्याची मागील बाजू नीट करता येते का? डोक्याच्या वरच्या फळीवरचा डबा एका हाताने काढता येतो का? सदऱ्याच्या बाहीत हात घालताना कोणता हात आधी जातो, आणि तसा का? आणि रात्री त्या कुशीवर निजता येते का? रात्री कुशीवर वळताच कळ येऊन जाग येणे, हे ह्या दुखण्यांचे फार बोलके लक्षण आहे.

ह्यांपैकी कशाला 'नाही' असे उत्तर आले तर माणसाला सैल बसवून हात हळुवार उचलून पाहावा. दुसऱ्याने उचलूनही अडतो तो सांधा आखडला असण्याचा संभव अधिक. दुसऱ्याने उचलता जातो पण आपला आपण जात नाही, तेथे कंडरा तुटल्याची किंवा क्वचित मज्जातंतूला इजा झाल्याची शंका घ्यावी. पडल्यावर लगेच, किंवा वेदना तीव्र असताना, हा प्रयोग घरी करू नये. ही पाहणी डॉक्टरकडे केव्हा आणि काय सांगत जावे एवढ्यापुरतीच आहे. निदानाची जागा ती घेऊ शकत नाही.

तीन प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब नको. पडल्यावर खांद्याचा आकार बदललेला दिसला तर सांधा निखळलेला असू शकतो. अशा वेळी कोणा ओळखीच्या माणसाकडून हात ओढवून घेणे धोक्याचे, कारण सोबत हाड मोडले असल्यास किंवा मज्जातंतू दबला असल्यास हात कायमचा जातो. खांदा लाल, गरम होऊन ताप आल्यास सांध्यात पू होण्याची भीती असते. आणि खांद्याच्या किंवा हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, दम वा घाम असेल, तर ते दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे समजून थेट रुग्णालय गाठावे.

उपाय आणि पथ्य

गोठलेल्या खांद्याला ऊब आणि हालचाल, हे दोन मुख्य उपाय. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा मिनिटे शेकून मग चांगल्या हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकावे आणि दुखरा हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलकेच झुलवावा. ही रीत कॉडमनच्याच नावाने ओळखली जाते. नंतर भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढावी आणि कोठवर पोहोचलो तेथे खडूने खूण करावी. आठवड्याने खूण वर सरकते तेव्हा रोग्याला जो धीर येतो तो औषधाने येत नाही. ओढाताण करून, ओरड होईपर्यंत हात वाकविणे सर्वथा वर्ज्य. मधुमेह असल्यास तो आटोक्यात आणणे अगत्याचे. दुखणे असह्य असेल तर सांध्यात इंजेक्शन देऊन पुष्कळांना आराम पडतो. ते तज्ज्ञाकडूनच घ्यावे, आणि त्यानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते हे मधुमेही माणसाने ध्यानात ठेवावे.

कंडरेच्या दुखण्यात रीत निराळी. नुसती झीज किंवा अर्धवट फाट असल्यास काही काळ डोक्यावरची कामे बंद ठेवून, पुढे शिक्षित व्यायामोपचारकाच्या देखरेखीखाली उरलेले स्नायू बळकट करता येतात; बहुतेकांचे काम तेवढ्याने भागते. परंतु कालपर्यंत धड असलेला हात पडल्यानंतर एकाएकी वर जाईनासा झाला, तर हाड शाबूत असल्याच्या समाधानावर कोणीही थांबू नये. दोन आठवड्यांत हात उचलला नाही तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करण्याविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. कारण सुटलेली कंडरा महिन्यामहिन्याने मागे आखडत जाते आणि तिचा स्नायू वाळून त्यात चरबी भरते. मग शिवणाऱ्याला शिवण्याजोगे कापडच उरत नाही. आता रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणला आहे. तज्ज्ञाचा सल्ला पूर्वीइतका दूर राहिलेला नाही.

प्रतिबंधाचे पथ्य साधे आहे. वलणी खांद्याच्या उंचीवर आणावी. रोज लागणारे डबे कमरेच्या आणि छातीच्या दरम्यान ठेवावे. झेला धरणाराने तासामागे काही मिनिटे हात खाली सोडावे आणि काम दोघांत वाटून घ्यावे. सूर्यनमस्कार, मुद्गल हे व्यायाम उत्तम. पण ते निरोगी खांद्याचे व्यायाम आहेत, दुखऱ्या खांद्याचे औषध नव्हेत.

त्या घराची हकीकत पुरी करतो. काकूंची झोळी त्याच सायंकाळी सुटली. माजघराच्या भिंतीवर खडूच्या खुणा चढत गेल्या, कधी पंधरा-पंधरा दिवस एकाच जागी अडून राहिल्या. ज्येष्ठात वटपौर्णिमेला त्यांनी आपला अंबाडा आपण घातला. अण्णांवर मार्गशीर्षात मुंबईस शस्त्रक्रिया झाली. कंडरेचा एक भाग जोडता आला, दुसरा आला नाही. जेवण, लेखन, स्नान ह्यांत आता अडचण नाही, रात्रीची झोपही लागते. परंतु हात कपाळाच्या वर जात नाही. यंदा वैशाखात कलमांखाली खुर्ची टाकून ते आंबे मोजीत बसले होते. वेळीच गेले असते तर झेला त्यांच्या हाती असता की नसता, हे निश्चित सांगता येणार नाही. पण ती संधी त्यांना मिळावयास हवी होती.

घरातील वलणी सूनबाईंनी हातभर खाली आणवली आहे. काकू बऱ्या झाल्यावर ती पुन्हा वर बांधण्याची गोष्ट कोणी काढली होती. ती त्यांनी मानली नाही.